पाणचक्की ते धोंदलगाव : मराठवाड्यात विजेच्या तारेने दिशा कशी बदलली

१/
सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे ३ मेगावॅटचा एक सौर प्रकल्प सुरू झाला. औष्णिक केंद्रांच्या मानाने हा आकडा किरकोळ. तरीही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावी लागते. आजवर वीज शेकडो किलोमीटरवरून खेड्याकडे येत होती. येथे ती खेड्यालगतच निर्माण होऊन तेथेच वापरली जाऊ लागली. हा बदल एका दिवसात झाला नाही. त्याची ही कथा.

२/
स्थानिक ऊर्जा या शहराला नवी नाही. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की उभी आहे. उत्तरेकडील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथवर आणले गेले. सायफनच्या तत्त्वाने ते उंच भिंतीवर चढे आणि खाली कोसळताना जाते फिरवी. त्या पिठावर दर्ग्यातील फकीर आणि वाटसरूंचे पोट भरे.

३/
पाणचक्कीला इंधन लागत नव्हते. पण तिची मर्यादाही स्पष्ट होती. पाणी जिथे पडे, तिथेच दळण होई. ती शक्ती दुसऱ्या गावी पाठवता येत नसे. विजेच्या तारेने ही मर्यादा मोडली. कोळसा एकीकडे जाळायचा आणि पंप दुसरीकडे चालवायचा, हे शक्य झाले. त्याबरोबर एक नवे परावलंबित्वही आले.

४/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतर अवघ्या दीड महिन्यात, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळाची रचना एका गृहीतकावर उभी होती : मोठी केंद्रे, लांब वाहिन्या आणि वरून खाली वाहणारी वीज. खेडोपाडी दिवे पोहोचले ते याच रचनेमुळे, हे विसरता येत नाही.

५/
मराठवाड्याच्या वाट्याला परळीचे औष्णिक केंद्र आले. त्याचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. परंतु औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे सर्व संच बंद ठेवावे लागले. पावसावर जगणाऱ्या प्रदेशात वीजही पावसावरच अवलंबून होती, हे त्या वर्षी उघड झाले.

६/
मधल्या काळात वितरणाचा मालक बदलून पाहण्याचे प्रयोग झाले. गोदावरीच्या पलीकडे, श्रीरामपूर-राहुरी परिसरात १९६९ मध्ये मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली. तारा सभासदांच्या होत्या, वीज मात्र मंडळाकडून घाऊक विकत घ्यावी लागे. थकबाकी वाढत गेली आणि ३१ जानेवारी २०११ नंतर संस्थेकडे परवाना राहिला नाही.

७/
त्याच वर्षी औरंगाबाद शहरात दुसरा प्रयोग सुरू झाला. मंडळाच्या विभाजनातून २००५ मध्ये जन्मलेल्या महावितरणने मे २०११ मध्ये शहराचे वितरण जीटीएल या खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिले. थकबाकीच्या वादानंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये ते परत घेतले गेले. एकीकडे सहकार, दुसरीकडे खासगी कंपनी. दोन्ही ठिकाणी बिल गोळा करणारा बदलला. वीज येण्याची वाट तीच राहिली.

८/
खरा बदल घडवला तो एका रूक्ष तांत्रिक कामाने. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने तीव्र भारनियमन सोसले. ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी अधिक, तिथे अंधारही अधिक. घरे आणि कृषिपंप एकाच वाहिनीवर असल्याने पंप बंद करायचे तर गावही अंधारात जाई. म्हणून गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम हाती घेतले गेले.

९/
त्यामुळे घरातले दिवे टिकले; पण शेतीच्या वाट्याला पाळी आली. कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याने थंडीत, साप-विंचवांच्या आणि पुढे अनेक तालुक्यांत बिबट्याच्याही भयात पिकाला पाणी द्यायचे. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी चैनीची नव्हती, जिवाची होती.

१०/
जून २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक. कल्पना सोपी होती : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला द्यायची. सूर्य दिवसा तळपतो, म्हणून पाणीही दिवसाच. भारनियमनासाठी वेगळ्या केलेल्या वाहिन्याच येथे उपयोगी पडल्या. शेतीची वाहिनी आधीच स्वतंत्र नसती, तर ती सौर प्रकल्पाला जोडणार कशी?

११/
सुरुवातीची गती मंद होती. जमीन मिळणे हा मोठा अडसर. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात शासकीय जमिनी उपलब्ध करून दिल्या गेल्या आणि खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले. या टप्प्यातील पहिला प्रकल्प धोंदलगावचा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी लोकार्पण केलेल्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांत तो होता.

१२/
आता थोडा हिशेब. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३.७ किलोवॅट वीज लागते. म्हणजे ३ मेगावॅटवर, भर उन्हात, एका वेळी सुमारे ८०० पंप चालतील. प्रकल्पाचे लाभार्थी शेतकरी मात्र सतराशेहून अधिक. त्यामुळे पाळी लावणे किंवा उरलेली वीज बाहेरून आणणे भागच आहे. ढगाळ दिवशी तर मुख्य जाळ्यावरच भिस्त. प्रकल्प स्थानिक झाला, तरी तारेची गरज संपलेली नाही.

१३/
शहरात हेच चित्र छतांवर दिसते. फेब्रुवारी २०२४ मधील पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. दुपारी घर वीज विकते, रात्री विकत घेते. अशा वेळी दुरुस्तीसाठी बंद केलेल्या तारेत एखाद्या छतावरून वीज आली, तर खांबावरच्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. म्हणून तारेतली वीज जाताच इन्व्हर्टरने आपोआप बंद पडण्याचे बंधन आहे. एकेरी रस्ता दुहेरी झाला की नियमही नव्याने घालावे लागतात.

१४/
पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. शेतीच्या स्वस्त विजेचा भार दीर्घकाळ उद्योग, मोठे ग्राहक आणि शासनाचे अनुदान यांनी उचलला. २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. लाभार्थी सुमारे ४४ लाख. वाहिनीलगतची सौर वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास पडते, म्हणून हा भार हलका होऊ शकतो. पण वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने आणि ऐपतदार घरे स्वतःची वीज करू लागली, तर खांब, तारा आणि रोहित्रांचा खर्च कोण देणार? छत नसलेला भाडेकरू?

१५/
शेवटचा प्रश्न संध्याकाळचा. सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. दुपारची वीज साठवायची कुठे? त्याचे एक जुने उत्तर याच जिल्ह्यात आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाशी १९८० च्या दशकात उभारलेले १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उलटही फिरू शकते : गरज नसताना पाणी वर चढवायचे, गरज पडताच तेच पाणी सोडून वीज करायची.

१६/
मुळा-प्रवरा आणि जीटीएल या दोन्ही प्रयोगांत तारेचा कारभारी बदलला; धोंदलगावात विजेची वाट बदलली. वीज विकणाऱ्या महावितरणला यापुढे तारेची राखण आणि वेळेचे नियोजन हेच मुख्य काम मानावे लागेल. ते तिला किती साधले, याचा निवाडा मेगावॅटच्या आकड्यांवर होणार नाही. वैजापूरच्या शिवारात रब्बीच्या हंगामात रात्री किती बॅटऱ्या लुकलुकतात, त्यावर होईल.