पाण्याने उसना दिलेला रस्ता

थंडी सुरू झाली की आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या मागे सायकलचा स्टँड लागतो आणि शनिवारी पहाटे मंडळी हत्ता किंवा शौकाकडे निघतात. डोंगरात सायकल चालवणं ही अलीकडची हौस आहे, पण ज्या वाटांवर आपण ती चालवतो, त्या वाटा फार जुन्या आहेत. आजच्या भागात त्या वाटांचा इतिहास.

आधी सायकलीची गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत तामालपाइस नावाचा डोंगर आहे. वणवा लागला तर बंब जाता यावेत म्हणून तिथे जंगलातून कच्चे रस्ते काढलेले होते. 1970 च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली त्या रस्त्यांवरून खाली सोडू लागली. 1976 मध्ये त्यांनी उताराची शर्यत सुरू केली. उतार इतका तीव्र, की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’. 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी खास सायकल बांधली आणि 1979 मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला. थोडक्यात, हा खेळ जन्मला तोच दुसऱ्या कामासाठी काढलेल्या रस्त्यावर.

आता आपल्या अमिरातीत या. इथे तसं जंगल नाही, त्यामुळे वणव्याचे रस्तेही नाहीत. मग डोंगरातले रस्ते काढले कुणी? पाण्याने.

मुसंदमपासून ओमानमध्ये दूरवर पसरलेला हजर पर्वत उघडा-बोडका आहे. हत्ताच्या आसपासचा काळपट-तपकिरी खडक हा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी होता, तो वर ढकलला गेला. त्यातून वाट काढायची तर सोपी जागा एकच, ओढ्याचं कोरडं पात्र, म्हणजे वादी. आपल्याकडचे नवे लोक पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘वाडी’ म्हणतात. ते अगदीच चूक म्हणवत नाही, कारण वादीच्या काठावरच्या खजुराच्या बागा पाहिल्या की कोकणातली नारळ-सुपारीची वाडी आठवतेच.

पश्चिमेच्या मैदानातून फुजैराच्या किनाऱ्याला उतरायची मोठी वाट वादी हामची. तिच्यावर नजर ठेवायला बिथनाचा किल्ला उभा आहे. गाढवं आणि उंट या वादीतून जा-ये करत. डोंगरातून खजूर, मध, लाकूड, कोळसा खाली जाई. किनाऱ्यावरून तांदूळ, कापड वर येई. या व्यवहारात नाणं कुठलं चाले? आपला रुपया! 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. त्या नोटा छापल्या जात आपल्या नाशिकच्या छापखान्यात. 1966 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि दुबईने तो सोडला. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे आईवडील शाळेत होते, तेव्हा या डोंगरांच्या पायथ्याशी नाशिकची नोट खिशात खुळखुळत नसली तरी फडफडत होती.

मोटारी आल्या तरी वाट बदलली नाही. 1951 मध्ये ब्रिटिशांनी शारजात ‘ट्रूशियल ओमान लेव्हीज’ हे दल उभारलं, 1956 पासून त्याला ‘स्काउट्स’ म्हणू लागले. त्यांच्या लँड रोव्हर वादीच्या गोट्यांवरूनच चालत. डोंगर ओलांडून जाणारे डांबरी रस्ते झाले ते देश स्थापन झाल्यानंतर, म्हणजे 1971 च्या पुढे.

सह्याद्रीत ट्रेकिंग केलेल्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे घाट उतरायच्या दोन तऱ्हेच्या वाटा असतात. एक सोंडेची किंवा धारेची, दुसरी नाळेची. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडगोट्यांनी भरलेली घळ. उन्हाळ्यात ती सावलीची आणि सोयीची, पण पावसाळ्यात जाणता गावकरी तिथे पाऊल टाकत नाही. हजरमधली प्रत्येक वादी ही एक लांबच लांब नाळ आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे पाऊस जूनमध्ये सांगून येतो, इथे तो वर्षातून मोजके दिवस आणि न सांगता येतो.

इथल्या डोंगरी माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. हत्तात पाहा. 1780 सालची जुनी मशीद, 1880 च्या दशकातले दोन बुरूज, 1896 चा किल्ला. बुरूज टेकड्यांवर, घरं आणि बागा पात्राच्या बाहेर. पाणी बागेपर्यंत यायचं ते फलज नावाच्या पाटातून. अल ऐनजवळच्या हिलीतला फलज सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा आहे. फलज राखण्याचं, त्याचं पाणी पाळीपाळीने वाटून घेण्याचं हे ज्ञान 2020 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं. थोडक्यात नियम असा होता: पात्रातून चालावं, शेळ्या चाराव्यात, पण राहावं काठावर. रस्ता आपला नाही, पाण्याने उसना दिलेला आहे.

पुढे डांबरी रस्ते झाले, धरणं झाली. हत्ताच्या धरणाचं पाणी आज डोंगरावरच्या दुसऱ्या जलाशयात चढवून, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करण्याचा 250 मेगावॉटचा प्रकल्प उभारला आहे. वाहतूक डांबरावर गेली आणि जुनी पात्रं, गाढववाटा रिकाम्या झाल्या. त्या रिकाम्या वाटांवर सायकलवाले आले. हत्तात सरकारने हिरव्या, निळ्या, लाल आणि काळ्या खुणांच्या वाटा आखल्या. हिरवी सगळ्यात सोपी, काळी सगळ्यात अवघड. रास अल खैमातल्या शौका धरणाभोवतीच्या वाटा बऱ्याचशा सायकलस्वारांनीच चालवून चालवून पाडल्या.

आता मुद्द्याचं. सायकलचा हंगाम आणि इथल्या पावसाचा हंगाम एकच, म्हणजे हिवाळा. उघडा खडक पाणी मुरू देत नाही. वरच्या अंगाला तासभर पाऊस झाला, तरी तुमच्या डोक्यावर ऊन असताना खाली लोंढा येऊ शकतो. पाऊस हंगामाबाहेरही गाठतो. 16 एप्रिल 2024 आपण कुणीच विसरणार नाही. त्या दिवशी अल ऐन भागातल्या खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस पडला. 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. त्याच्या आदल्याच वर्षी, 2023 मध्ये, नियम कडक झाले होते. पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर 2,000 दिरहॅम दंड, 23 ब्लॅक पॉइंट आणि 60 दिवस गाडी जप्त. पावसात वादी किंवा धरणापाशी गर्दी केली तरी 1,000 दिरहॅम दंड.

दंडाचं सोडा, आपल्या मुलांचं बघा. इथे वाढलेल्या मुलांनी ओढ्याला पाणी चढताना पाहिलेलं नसतं. त्यांना कोरडं पात्र म्हणजे मैदान वाटतं. म्हणून पुढच्या वेळी सायकल उतरवण्याआधी त्यांना बाभळीसारख्या त्या काटेरी समरच्या झाडाकडे न्या. फांद्यांत अडकलेल्या काटक्या आणि वाळलेला गाळ दाखवा. मागचं पाणी तिथवर आलं होतं. बाबांच्या डोक्यापेक्षा ते वर असेल, तर जास्त बोलावंच लागणार नाही. गाडी काठावर लावा, डबाही काठावरच उघडा. डोंगरावर ढग दिसले किंवा स्वच्छ झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तर सायकली तिथेच टाका आणि बाजूच्या चढावर चढा. सायकल नवी घेता येते.

हजारो वर्षं माणसं या वाटेने गेली, कारण वाट कधी परत करायची हे त्यांना कळत होतं. सायकल चालवायला शिकवतो आहोत, तर मुलांना हेही शिकवू या.