नदी कोण घाण करतं, हे सांगताच येत नसेल तर? अमेरिकेत जल-व्यवस्थापकांना काय शिकवतात?

२२ जून १९६९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाने पेट घेतला. जळणारी ही नदी पुढे प्रदूषणाचं प्रतीक बनली आणि १९७२ मध्ये 'क्लीन वॉटर अ‍ॅक्ट' हा कायदा आला. कारखान्याच्या किंवा सांडपाणी केंद्राच्या पाइपमधून नदीत काही सोडायचं तर परवाना घ्या, मर्यादा पाळा, नाहीतर दंड भरा, असं या कायद्याचं सूत्र होतं. त्याचा फायदा झाला. पण पाइप आटोक्यात येऊनही अनेक नद्या आणि तलाव स्वच्छ होईनात. मग घाण येत कुठून होती?

विखुरलेलं प्रदूषण म्हणजे काय?

पावसाचं पाणी जमिनीवरून वाहताना वाटेत जे सापडेल ते सोबत नेतं. शेतातलं जास्तीचं खत, कीटकनाशकं, जनावरांचं शेण, रस्त्यावर गळलेलं ऑइल, उघड्या जमिनीची माती असं सगळं ओढ्यातून नदीत पोचतं. यालाच 'नॉन-पॉइंट सोर्स' म्हणजे विखुरलेल्या स्रोतांचं प्रदूषण म्हणतात. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर असतो, पण बेरीज प्रचंड होते.

मिसिसिपी नदीचं उदाहरण घ्या. मध्य अमेरिकेतल्या शेतांमधलं नायट्रोजन आणि फॉस्फरस ती मेक्सिकोच्या आखातात नेते. तिथे शेवाळ माजतं, मरून कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. २०१७ च्या उन्हाळ्यात हे 'मृत क्षेत्र' सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर मोजलं गेलं. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही मोठं.

कायदा इथे कमी का पडतो?

शेतातून पावसाने वाहून येणारं पाणी आणि सिंचनानंतर परत येणारं पाणी, दोन्ही 'पॉइंट सोर्स'च्या व्याख्येतून वगळलेली आहेत. त्यामुळे त्यांना या कायद्याखाली परवाना लागत नाही. १९८७ मध्ये कायद्यात कलम ३१९ आलं. राज्यांनी विखुरलेल्या प्रदूषणाचा कार्यक्रम आखायचा आणि त्यासाठी केंद्राने अनुदान द्यायचं, अशी ही व्यवस्था आहे. काही राज्यांचे स्वतःचे नियम आहेत, पण बराचसा कारभार लोकांच्या स्वेच्छेवर चालतो. म्हणजे कार्यक्रम राबवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात छडी जवळपास नसतेच. लोकांना पटवणं, हेच त्याचं मुख्य काम. म्हणून प्रशिक्षणाला इतकं महत्त्व.

प्रशिक्षणात काय असतं?

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए पाणलोट क्षेत्राच्या आराखड्यासाठी नऊ घटक सांगते. प्रदूषणाची कारणं शोधा. ते किती कमी करायचं याचा अंदाज बांधा. उपाय ठरवा. पैसा आणि तांत्रिक मदत कुठून येणार ते लिहा. लोकांना कसं सामील करणार ते सांगा. मग वेळापत्रक, मधले टप्पे, यशाचे निकष आणि पाण्याची नियमित तपासणी. संस्थेच्या 'वॉटरशेड अकॅडमी'चे ऑनलाइन धडेही आहेत.

यातली कळीची गोष्ट म्हणजे जागेची निवड. पैसा सगळीकडे थोडा थोडा वाटला तर नदीत फरक दिसत नाही. कुठल्या उतारावरून, कुठल्या शेतांतून सर्वाधिक गाळ आणि खत येतं ते ओळखून काठावर झाडांचा पट्टा किंवा मोकळ्या हंगामात आच्छादन पीक तिथे आधी आणायचं असतं.

कनेक्टिकटने काय केलं?

कनेक्टिकट राज्यात १६९ गावं-शहरं आहेत. जमिनीवर काय बांधायचं हे तिथले स्थानिक आयोग ठरवतात आणि त्यांचे बरेचसे सदस्य विनावेतन काम करणारे सामान्य नागरिक असतात. म्हणजे नदीचं भवितव्य ठरवणाऱ्या अनेकांनी पाण्याचं शास्त्र कधी शिकलेलंच नसतं. हे ओळखून कनेक्टिकट विद्यापीठाने १९९१ मध्ये 'नीमो' हा कार्यक्रम सुरू केला.

नीमोने रसायनशास्त्राचे धडे देण्याऐवजी नकाशे दाखवले. तुमच्या गावात डांबर, काँक्रीट आणि छपरं किती, म्हणजे पाणी न मुरणारी जमीन किती, एवढं एकच मोजमाप पुढे ठेवलं. अशी जमीन पाणलोटाच्या साधारण १० टक्क्यांवर गेली की ओढ्याची तब्येत बिघडू लागते आणि ३० टक्क्यांच्या पुढे ती फारच खालावते, असं अभ्यासक सांगत होते. हिशेबही सोपा आहे. १,००० चौरस मीटरच्या पार्किंगवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० लिटर पाणी जमा होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. नकाशावर आपलंच गाव पाहिलं की प्रश्न आपला वाटू लागतो.

याला पुरावा आहे का?

आहे. याच राज्यात वॉटरफर्ड इथे जॉर्डन कोव्ह प्रकल्पात सुमारे दहा वर्षं मोजणी झाली. एक वसाहत नेहमीच्या पद्धतीने बांधली. दुसरीत पाणी मुरणारे पेव्हर आणि पावसाचं पाणी जिरवणाऱ्या बागा केल्या. पहिल्या वसाहतीतून वाहून जाणारं पाणी बांधकामासोबत अनेक पटींनी वाढलं, तर दुसरीत बांधकामाआधीच्या पातळीच्या आसपासच राहिलं. अशा आकड्यांमुळे व्यवस्थापकाच्या शब्दाला वजन येतं.

मर्यादा काय?

भूजलात उतरलेलं नायट्रेट नदीत यायला कित्येक वर्षं लागू शकतात. त्यामुळे आजच्या कामाचं फळ अनेकदा पुढच्या अधिकाऱ्याच्या काळात दिसतं. आयोगांचे सदस्यही बदलत राहतात. म्हणून प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही, ते चालूच ठेवावं लागतं.

आपल्याकडे काय?

भारताचा १९७४ चा जलप्रदूषण कायदाही प्रामुख्याने सांडपाण्याच्या निकासावर आणि त्यासाठीच्या संमतीपत्रावर उभा आहे. शेताच्या बांधावरून किंवा रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याला संमतीपत्र लागत नाही. पाइप बंद करायला आदेश पुरतो. बांधावरचं खत थांबवायला मात्र आधी शेतकऱ्याशी बोलता यायला हवं.