मुंबई–गोवा महामार्ग : चौपदरीकरण आणि रस्तासुरक्षा

मुंबई–गोवा महामार्ग : पनवेलपासून रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीपर्यंत जाणारा कोकणाचा मुख्य रस्ता. महाराष्ट्रातील लांबी सुमारे 470 किमी. पनवेल ते कन्याकुमारी या पश्चिम किनाऱ्यालगतच्या राष्ट्रीय महामार्गाचा हा उत्तरेकडील भाग होय. त्याचा पूर्वीचा क्रमांक 17. 2010 मध्ये देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हापासून तो 66 झाला. 2011 मध्ये त्याच्या चौपदरीकरणाला हात लागला. पुढे हे काम इतके रेंगाळले की ‘काम चालू’ हीच रस्त्याची नेहमीची अवस्था होऊन बसली. कोकणातील मुलांची एक पिढी खोदलेल्या हायवेच्या कडेने शाळेत जात मोठी झाली. त्यामुळे येथील सुरक्षेचा विचार करताना पूर्ण झालेल्या रस्त्यापेक्षा अर्धवट रस्त्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

जुना रस्ता : मूळ रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक नसलेला आणि घाटवळणांचा. वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ अशी गावे त्याच्या अंगावर किंवा अगदी काठावर वसलेली. महाड आणि लोटे येथील औद्योगिक वसाहतींचे टँकर, एसटी, खासगी लक्झरी बस, वाळू-चिऱ्याचे डंपर आणि गावातल्या दुचाक्या एकाच पट्ट्यावरून धावत. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तरी रस्त्यावरचा भार हलका झाला नाही. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि गणेशोत्सवाच्या काळात अवजड वाहनांना बंदी घालावी लागते.

ओव्हरटेक करताना समोरासमोर होणारी धडक हा या रस्त्यावरचा ठरलेला अपघात. त्याच्या जोडीला अरुंद पूल. 19 मार्च 2013 च्या पहाटे गोव्याहून मुंबईकडे निघालेली खासगी बस खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून नदीत कोसळली आणि 37 जण मृत्युमुखी पडले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील 1928 चा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या इतर वाहनांसह नदीत गेल्या. शेजारीच नवा पूल होता आणि तो टिकला. मुंबईकडे येणारी वाहने मात्र जुन्या पुलावरून जात होती. अंधारात, मुसळधार पावसात, पुढे पूल उरलेला नाही हे चालकाला कळण्याची कोणतीही सोय नव्हती. त्या जागी नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 रोजी वाहतुकीला खुला झाला. मनात आणले तर या रस्त्यावर काम किती वेगाने होऊ शकते, याचा हा पुरावा आहे, आणि बाकीच्या लांबीवरील दिरंगाईवर त्याहून कठोर टीका दुसरी नाही.

कामाची विभागणी : पनवेल ते इंदापूर हा 84 किमीचा पहिला टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता. इंदापूर ते झाराप या सुमारे साडेतीनशे किमीचे काम केंद्रीय मंत्रालयाने राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत दहा भागांत वाटून दिले. झाराप ते पत्रादेवी हा शेवटचा छोटा भाग त्याआधीच चौपदरी झाला होता. सर्वांत आधी सुरू झालेला पहिला टप्पाच सर्वांत मागे पडला. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातून जाणाऱ्या पट्ट्याची वनपरवानगी आणि ठेकेदारांची आर्थिक ओढाताण ही त्याची कारणे. खड्डे व दिरंगाई यांबाबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या आणि न्यायालयाला पुन्हापुन्हा मुदती घालून द्याव्या लागल्या.

कामाच्या जागेतील धोका : जिथे काँक्रीटीकरण पूर्ण झाले आहे तिथे गाडी सहज 90–100 च्या वेगाने धावू लागते. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर पुलाचे काम अपुरे राहिलेले असते, आणि सगळी वाहतूक डायव्हर्शनने जुन्या डांबरी रस्त्यावर किंवा नुसत्या खडीवर उतरवलेली असते. तयार काँक्रीट आणि बाजूची कच्ची पातळी यांत वीतभर उंचीचा फरक राहतो. त्यात दुचाकीचे चाक घसरले की स्वार सावरत नाही. काही ठिकाणी एकच बाजू तयार असल्याने दोन्ही दिशांची वाहने तीवरूनच जातात. चालकाला वाटते रस्ता एकेरी आहे, आणि वळणावर समोरून ट्रक येतो. रात्री इशारा म्हणून काय असते? चुना फासलेले दगड, डांबराचे रिकामे पिंप, वाळूची पोती, फांदीला बांधलेले लाल फडके. पावसाच्या एका सरीत चुना धुऊन जातो. गाडीच्या दिव्यात पिंप दिसते तेव्हा ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो.

अशा जागांसाठी नियम नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी 55’ ही मार्गदर्शिका कामाच्या जागेचे चार भाग करते : आगाऊ सूचनेचा, वाहने वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि वाहतूक पूर्ववत होण्याचा. प्रत्येक भागात कोणते फलक, कोणते अडथळे, किती अंतरावर, रात्री कोणते परावर्तक वा लुकलुकणारे दिवे, हे सारे तीत सांगितले आहे. फलक लावणे, ते पुसणे, पडल्यावर पुन्हा उभे करणे ही रोजची कामे आहेत. कंत्राटात त्यांची तरतूद असतेच. परंतु पूल किंवा रस्त्याचे मोजमाप जसे घेतले जाते, तसे या कामांचे काटेकोरपणे घेतले जात नाही. कामगारांचाही प्रश्न तोच. परावर्तक जाकीट न घालता, वाहत्या रस्त्यापासून हातभर अंतरावर सळया बांधणारा माणूस चालकाइतकाच धोक्यात असतो.

घाट, दरडी आणि पाणी : कोकणात वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. चार पदरांसाठी डोंगर उभा कापला की वरची जांभ्याची माती आणि तिच्यात मुरलेले पाणी खाली येऊ पाहते. चिपळूणजवळचा परशुराम घाट याचे ठळक उदाहरण आहे. वर परशुराम गाव, खाली पेढे गाव आणि मधून रस्ता. कापणी केली तर वरच्या घरांना धोका, दरड आली तर खालच्या घरांना. 2021 च्या पावसाळ्यात दरडींनी हा घाट बंद पाडला. 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत तो दिवसा ठराविक तास बंद ठेवून कापणीचे काम झाले आणि हलकी वाहने चिरणी–आंबडस मार्गे वळवण्यात आली. संरक्षक भिंत, दगडांच्या जाळ्या आणि पाण्याला वाट देणारी गटारे हे तिन्ही उपाय एकत्र केले तरच अशा उतारावर उपयोग होतो. पाण्याला वाट नसेल तर भिंत कितीही जाड असो, ती मागच्या दाबाने ढासळते.

पोलादपूर आणि खेड यांच्यामधील कशेडी घाटावर बोगद्याचा उपाय केला गेला. सुमारे दोन किमी लांबीच्या या जोडबोगद्यापैकी एक भाग 2023 च्या गणेशोत्सवापूर्वी हलक्या वाहनांसाठी एका दिशेने खुला झाला. घाटात पाऊण तास लागे, ते अंतर आता दहा-पंधरा मिनिटांत कापले जाते. दाट धुके, ट्रकांचे ब्रेक निकामी होणे आणि तीव्र वळणे या तिन्ही संकटांतून सुटका करणारा हा संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाचा भाग आहे. मात्र बोगद्यातली प्रकाशयोजना, वायुवीजन आणि गळतीवरील उपाय यांची देखभाल कायमची करावी लागेल.

बांधकामाचा दर्जा हाही सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे. 16 ऑक्टोबर 2023 रोजी चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उभारणी चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या तुळया कोसळल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

गावे आणि चौपदरी रस्ता : दुभाजकामुळे समोरासमोरची धडक टळते, पण गावाचे दोन तुकडे होतात. घर एका बाजूला, शेत किंवा शाळा दुसऱ्या बाजूला. गुरेही तिकडेच चरायला जातात. भुयारी मार्ग जवळ नसेल तर माणसे दुभाजक ओलांडतात, आणि वळण दूर असेल तर दुचाकीस्वार उलट दिशेने येतात. याला केवळ बेशिस्त म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे, कारण आखणी करताना पायी चालणाऱ्याचा विचार मागाहून झाला. सर्व्हिस रोड, पादचारी भुयारी मार्ग, एसटी थांब्यासाठी मुख्य रस्त्याबाहेर जागा आणि वस्तीजवळ दिवे ही कामे काँक्रीटच्या बरोबरीने व्हायला हवीत, मागून नव्हे.

केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा अपघातप्रवण, म्हणजेच ब्लॅक स्पॉट ठरते. त्यानंतर तिथे फलक, रंबल स्ट्रिप, कॅट आय, लोखंडी कठडे किंवा आखणीतील बदल असे उपाय केले जातात. ही पद्धत उपयुक्त असली तरी तिच्यात एक मूलभूत उणीव आहे : आधी माणसे दगावल्याशिवाय जागा यादीत येत नाही. शिवाय डायव्हर्शनची जागा दर काही महिन्यांनी बदलते, म्हणून काम चालू असलेल्या रस्त्यावरचा धोका या यादीतून बव्हंशी निसटतो. त्यासाठी प्रत्येक वळणाची वाहतूक सोडण्यापूर्वी, आणि तीही रात्री, तपासणी हाच खरा उपाय आहे.

वाहनचालकांसाठी : पावसाळ्यात आणि रात्री या रस्त्यावर काँक्रीटचा पट्टा पुढे तुटू शकतो हे गृहीत धरूनच वेग ठेवावा. पडलेला फलक, बंद दिवा, उघडी सळई किंवा धोकादायक डायव्हर्शन दिसल्यास राष्ट्रीय महामार्गांच्या 1033 या मदत क्रमांकावर किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगून कळवावे. अपघात झाल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीला मदत करणाऱ्यावर साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याला नाव सांगण्यासही भाग पाडता येत नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने हे संरक्षण दिले आहे. तेव्हा थांबायला कचरू नये.