घटिकापात्राची कुळकथा

तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी आत शिरत राहते, वाटी जड होते आणि बुडते. ती बुडली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे.

पाण्याने काळ मोजणे याहून जुने आहे. वेदांग ज्योतिषाच्या काळी पाणी भांड्यातून बाहेर गळत असे. पण भांडे रिते होऊ लागले की दाब घटतो आणि धार मंदावते. बुडत्या वाटीत ही अडचण उरली नाही. बुडाली की उचलायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. प्रत्येक खेप सारखीच. सूर्यसिद्धांत हा ज्योतिषग्रंथ तिला कपालयंत्र म्हणतो. निर्मळ पाण्यात, अहोरात्रात ६० वेळा बुडेल ते खरे, अशी त्याची कसोटी. निर्मळ पाण्याचा आग्रह रास्तच होता, कारण एवढ्याशा भोकात कचऱ्याचा कण अडकला तरी घटका लांबते.

पुढे वाटी घडवण्याचे नेम ठरले. दहा पल वजनाचे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे रुंदी, आणि ठरावीक वजनाच्या व लांबीच्या सोन्याच्या सुईएवढे भोक. ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिताना भास्कराचार्यांनी हे नेम युक्तिशून्य आणि करायला अवघड ठरवले. त्यांचे म्हणणे साधे होते: वाटी हवी तशी घडवा, एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या आकड्याने अहोरात्राला भागा. वाटी ७२ वेळा बुडाली, तर तिची एक खेप ५० पळांची, म्हणजे २० मिनिटांची. माप कारागिराच्या हातून काढून त्यांनी सूर्याच्या हाती दिले. मला हा विचार त्यांच्या मोठ्या गणिताइतकाच मोलाचा वाटतो.

लोकांना मात्र आठवते ती भास्कराचार्यांची मुलगी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीची गोष्ट: दागिन्यातला मोती घटिकापात्रात पडला, भोक बुजले, लग्नाचा मुहूर्त टळला. ही कथा अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने 'लीलावती' या ग्रंथाच्या १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चार शतकांहून अधिक काळाने. तिच्यावर इतिहास म्हणून विसंबू नये.

शहरांत वाटीजवळ माणसे पाळीने जागत आणि दर घटकेला पितळेच्या जाड तबकडीवर टोले देत. ती तबकडी म्हणजे घड्याळ. यंत्राला ते नाव नंतर मिळाले. बाबराने आपल्या आठवणींत या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. रात्री मध्येच जाग आलेल्याला नुसत्या घटकांच्या टोल्यांवरून प्रहर कळत नसे, म्हणून घटकांमागोमाग प्रहराचेही टोले द्यायला त्याने सांगितले.

लग्नघरी घटिकापात्र मांडले जाई ते सूर्योदय किंवा सूर्यास्त पाहून, कारण मोजणी तिथूनच सुरू होते. जुन्या पद्धतीच्या पंचांगात तिथीपुढे घटी (घटका) आणि पळांचे आकडे असतात, तेही सूर्योदयापासूनच मोजलेले. घरात असे पंचांग असेल तर आजच्या तिथीच्या घटींना २४ ने गुणा, येणारी मिनिटे सूर्योदयाच्या वेळेत मिळवा. तिथी कधी संपते ते तुमचे तुम्हालाच काढता येईल.