दूरस्थ दुरुस्तीची रीत: महाराष्ट्रातील लिनक्स वापरकर्त्यांच्या परस्पर साहाय्याचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याचे मुख्यालय रेल्वेमार्गावर नाही. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी घाटाखालची गावे धरून जातो आणि घाटावरचे बुलढाणा शहर, तसेच त्याच तालुक्यातील पैनगंगेकाठचे देऊळघाट, त्या मार्गापासून दूर राहतात. संगणकाच्या इतिहासात अशा भूगोलाचा विचार सहसा होत नाही. पण लिनक्सच्या बाबतीत तो करावा लागतो, कारण या प्रणालीला हमी देणारी कंपनी नव्हती, तालुक्याच्या गावी तिचा अधिकृत कारागीर नव्हता, आणि बिघडलेले यंत्र दुरुस्त करून देणारा माणूस म्हणजे तीच प्रणाली वापरणारा दुसरा कोणी तरी, बहुधा मुंबई-पुण्यात किंवा त्याहून लांब राहणारा. यंत्र एकीकडे, जाणकार दुसरीकडे आणि दोघांना जोडणारे केवळ शब्द, अशा परिस्थितीत साहाय्याची जी रीत घडली, तिचा विचार येथे केला आहे.

हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या प्रणालीची पहिली वार्ता दिली आणि मार्च १९९४ मध्ये तिच्या कर्नलची १.० ही आवृत्ती निघाली. कर्नल म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यात मध्यस्थी करणारा प्रणालीचा गाभा होय. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी कर्नलला त्या भागापुरती एक छोटी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. साउंड कार्ड, मॉडेम किंवा प्रिंटर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या त्या काळी केवळ विंडोजसाठी ड्रायव्हर देत असत, भागाची अंतर्गत माहिती प्रसिद्ध करत नसत, आणि त्यामुळे लिनक्सचे ड्रायव्हर स्वयंसेवकांना अंदाज बांधत, प्रयोग करत लिहावे लागत. एखादे कार्ड का चालत नाही, याचे उत्तर ज्याच्याकडे तेच कार्ड आहे आणि ज्याने ते एकदा चालवून दाखवले आहे, त्याच्याकडेच मिळण्याची शक्यता सर्वाधिक असे.

महाराष्ट्रात या अडचणीला आणखी एक पदर होता. येथील घरोघरी आलेले पहिले संगणक मोठ्या प्रमाणावर ‘असेंबल्ड’, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेले, असत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, त्या आठवड्यात जे स्वस्त मिळेल ते मदरबोर्ड, डिस्प्ले कार्ड आणि मॉडेम घेऊन यंत्र उभे केले जाई. परिणामी एकाच दुकानातून घेतलेली दोन यंत्रेही आतून सारखी असतीलच असे नसे, आणि आत नेमके कोणत्या बनावटीचे कार्ड आहे हे पुष्कळदा खुद्द मालकालाही ठाऊक नसे. म्हणून येथील मदतनीसाचा पहिला प्रश्न बिघाडाविषयी नसून यंत्राच्या आत काय आहे याविषयीचा असे.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा मुंबई हे त्याच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. चित्रे दाखवणारे खाते ५०० तासांना १५,००० रुपयांना मिळे, तर केवळ मजकूर दाखवणारे ‘शेल’ खाते ५,००० रुपयांना; आणि स्वस्त खाते घेणाऱ्यांना थेट युनिक्स प्रणालीवर आज्ञा टंकाव्या लागत असल्यामुळे लिनक्सची अर्धी ओळख त्यांना आपोआप होई. तरीही लिनक्सची एक पूर्ण सीडी, म्हणजे सुमारे ६५० एमबी, त्या काळच्या २८.८ केबीपीएस मॉडेमवरून उतरवायची तर तार एकदाही न तुटता पन्नास तास लागले असते, म्हणजे वर्षभराच्या खात्यातील दहावा हिस्सा एका सीडीवर खर्च झाला असता. ही कोंडी मासिकांनी फोडली. बंगळूरच्या अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी देण्यास प्रारंभ केला आणि ज्या गावात टपाल पोहोचत होते तेथे लिनक्सही पोहोचू शकले. मात्र सीडीसोबत जाणकार येत नव्हता.

या टप्प्यावरील अडचणी कशा होत्या आणि त्या दुरून कशा ओळखल्या जात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. यंत्र सुरू होताना कर्नलला चकतीवरून उचलून स्मृतीत आणणारा ‘लिलो’ नावाचा छोटा कार्यक्रम आपले काम टप्प्याटप्प्याने करी आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्या नावाच्या चार इंग्रजी अक्षरांपैकी एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरे उमटली तर प्रणाली सुरू होई. पण पडदा पहिल्या दोन अक्षरांवर, म्हणजे ‘एल’ आणि ‘आय’वर, थबकला तर त्याचा अर्थ असा की दुसरा टप्पा चकतीवरून वाचला गेला, परंतु चालू होऊ शकला नाही. याचे कारण बहुधा चकतीच्या मोजमापाविषयी बायॉस (यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी, मदरबोर्डवरची आज्ञावली) आणि लिलो यांचे एकमत नसणे, किंवा लिलोची फाइल हलवूनही तो पुन्हा न बसवणे, हे असे. जुने बायॉस चकतीच्या पहिल्या १,०२४ सिलिंडरांपलीकडे, म्हणजे साधारण ८ जीबीपलीकडे, वाचू शकत नसल्यामुळे कर्नलसाठी चकतीच्या आरंभीच एक छोटे पार्टिशन राखून ठेवण्याचा सल्ला रूढ झाला. बुलढाण्याच्या यंत्रावर किती अक्षरे उमटली एवढे फोनवर कळले, तर पुण्यातील माणूस यंत्र न पाहता निदान करू शकत होता.

पडद्याची जुळवणी याहून नाजूक होती. चित्रमय पडदा चालवणाऱ्या एक्सफ्री८६ या प्रणालीला मॉनिटर दर सेकंदाला किती आडव्या रेषा आणि किती पूर्ण चित्रे काढू शकतो, हे आकडे एका फाइलमध्ये हाताने लिहून द्यावे लागत. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा काढण्यासाठी आडव्या रेषांचा वेग ३१.५ किलोहर्ट्झ लागतो. आकडा कमी लिहिला तर चित्र कमी ठिपक्यांचे राही, आणि मॉनिटरच्या कुवतीपेक्षा जास्त लिहिला तर जुन्या मॉनिटरला इजा होण्याची भीती असे. मॉनिटरची माहितीपुस्तिका जपून ठेवण्याची सवय अनेकांना येथूनच लागली.

मॉडेमची कथा निराळी होती. स्वस्त ‘विनमॉडेम’मध्ये ध्वनीचे आकड्यांत आणि आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे बरेचसे काम यंत्राच्या प्रोसेसरवर, विंडोजच्या ड्रायव्हरद्वारे, ढकललेले असे; लिनक्समध्ये तो ड्रायव्हर नसल्याने असा मॉडेम नुसता बसून राही. ड्रायव्हर मिळवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेट मिळवायला ड्रायव्हर हवा, असा हा तिढा होता, आणि तोच पुढे वाय-फाय कार्डांच्या बाबतीत जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. त्यावरचा अनुभवी सल्ला साधा होता: सीरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मॉडेम घ्यावा, तो महाग पडला तरी चालेल.

समोरासमोरच्या मदतीसाठी मुंबईत आणि पुण्यात लिनक्स वापरकर्त्यांचे गट उभे राहिले. पुण्यातील गटाच्या सहभागाने सिम्बायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेत २००३ पासून ‘ग्नूनिफाय’ हा वार्षिक मेळावा भरू लागला. अशा मेळाव्यांतील ‘इन्स्टॉलफेस्ट’ या प्रकारात लोक आपापले यंत्र घेऊन येत आणि जाणकार मंडळी शेजारी बसून त्यावर प्रणाली चढवून देत; विंडोज तसेच ठेवून लिनक्स बसवायचे तर चकतीची वाटणी करावी लागे, आणि ती करण्यापूर्वी सर्व कामाची प्रत काढून ठेवण्याचा आग्रह धरला जाई. या मेळाव्यांचे महत्त्व मोठे असले तरी त्यांची कक्षा बेताची होती, कारण जड मॉनिटर आणि खोके उचलून पुण्याला नेणे घाटावरच्या विद्यार्थ्याला परवडणारे नव्हते. त्याच्या वाट्याला लेखी मदतच येई.

या लेखी मदतीने एक शिस्त घडवली. ‘साउंड चालत नाही’ एवढ्या वाक्याला उत्तर मिळत नसे; यंत्र सुरू होताना कर्नलने काय नोंदले हे ‘डीमेसग’ या आज्ञेने काढून दाखवा, मदरबोर्डवर कोणती कार्डे आहेत हे ‘एलएसपीसीआय’ने सांगा, शेवटचा बदल कोणता केला ते लिहा, असे प्रश्न उलट विचारले जात. प्रत्येक पीसीआय कार्डात बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो, उदाहरणार्थ इंटेलचा ८०८६, आणि खोक्यावरचे नाव काहीही असले तरी हा क्रमांक खोटे बोलत नाही. एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये प्रश्न नेटके कसे विचारावेत यावर लिहिलेली मार्गदर्शिका याच शिस्तीचे संहितीकरण होते. तिची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे: आधी कागदपत्रे वाचा, मग विचारा, हा सूर नवख्याला दुखावणारा असे, आणि ती कागदपत्रे इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याला प्रश्न मांडण्यापूर्वीच दुहेरी कष्ट पडत.

भाषेचा हा अडसर प्रणालीतही होता. मुंबईत २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या ‘इंडलिनक्स’ने भारतीय भाषांतील लिनक्सचे काम हाती घेतले, आणि २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घेतलेले ‘लोहित’ टंक (फॉन्ट) मुक्त परवान्याखाली खुले केले. मराठीला त्यातही स्वतंत्र लक्ष लागले, कारण ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा र हिंदीत लागत नाही. अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीला आणि टंकाला तो ठाऊक नसेल तर शब्द मोडून दिसतो. टंकाची ही तक्रार नेमकी मांडू शकणारा माणूस मराठी वाचणाराच असायला हवा, आणि तेव्हा प्रश्न विचारणारा हाच दुरुस्तीतला जाणकार ठरतो.

पुढे यंत्राची ओळख प्रणालीच करू लागली. डिसेंबर २००३ मधील २.६ कर्नलने ध्वनीची व्यवस्था सुधारली, सीडीवरूनच चालणाऱ्या ‘नॉपिक्स’सारख्या प्रणालींनी चकतीला हात न लावता भाग तपासणे शक्य केले, आणि उबुंटू या लिनक्स वितरणाने २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने फुकट सीडी दिल्या, त्यात शहर आणि खेडे असा भेद नव्हता. आयआयटी मुंबईतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे छोटे पाठ मराठीतही आणले. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालवून दुसऱ्या बाजूला तीच कृती करून पाहण्याची त्याची पद्धत शिक्षकाविना शिकणाऱ्यासाठीच आखलेली होती.

जुन्या अडचणींपैकी बहुतेक आज इतिहासजमा झाल्या आहेत; लिलो, विनमॉडेम आणि पडद्याचे किलोहर्ट्झ नव्या वापरकर्त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. टिकली ती मांडणीची रीत: आधी यंत्रात काय आहे, मग काय केले, मग काय दिसले, आणि शेवटी काय हवे होते. मेळावा शहरापुरता राहिला, पण ही रीत अंतर ओलांडून गेली, कारण तिला जाणकाराची हजेरी लागत नव्हती, लागत होती ती बिघाड नीट पाहण्याची तयारी. ज्याने आपला बिघाड या क्रमाने लिहायला शिकून घेतले, त्याला दुसऱ्याचा बिघाड वाचताही येऊ लागला, आणि मदत मागणाऱ्यांतून मदत करणारे घडत गेले ते याच मार्गाने.