व्यवसायोपचार : हस्तकौशल्यापासून विद्यापीठापर्यंत

अर्धांगवायूचा झटका आलेला एखादा गृहस्थ रुग्णालयातून घरी येतो. त्याचा रक्तदाब आटोक्यात आलेला असतो आणि जिवाचा धोका टळल्याची ग्वाही डॉक्टरांनी दिलेली असते. परंतु सदऱ्याची गुंडी लावावयाची तर त्याला पत्नीस हाक मारावी लागते. उजव्या हाताने उचललेला घास तोंडापर्यंत पोहोचत नाही आणि सही करू गेल्यास अक्षर ओळखू येत नाही. रोग हटला खरा, पण माणूस अद्याप आपल्या संसारात परतलेला नाही. त्याला त्याच्या नित्याच्या कामाकडे परत नेण्याचे जे शास्त्र, त्यास इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी आणि मराठीत व्यवसायोपचार असे म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे केवळ उदरनिर्वाहाचा धंदा असे समजू नये. स्नान, भोजन, लेखन, स्वयंपाक, मुलांचा खेळ, अशा ज्या ज्या कृतींनी माणसाचा दिवस भरतो, त्या सर्वांचा त्यात समावेश होतो.

आज या विषयात विद्यापीठे पदव्युत्तर पदव्या देतात, डॉक्टरेटही देतात. पण टोपल्या विणण्याच्या आणि माग चालविण्याच्या वर्गांतून ज्या विद्येचा उगम झाला, ती इतकी उंच शिडी चढली कशी, आणि ती चढताना तिने काय मिळविले, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या कल्पनेचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडते. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांना साखळदंडात जखडून ठेवण्याची रीत त्याज्य मानली. ट्यूक यांनी १७९६ मध्ये यॉर्क येथे उघडलेल्या आश्रमात रुग्णांना प्रेमाने वागविले जाई आणि त्यांच्या हातांना काही काम दिले जाई. तथापि काम हे औषध आहे असे म्हणणे वेगळे आणि ते औषध कोणाला, किती व कसे द्यावे हे शिकविणे वेगळे. शिक्षणाची ही व्यवस्था उभी राहण्यास आणखी शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सुझन ट्रेसी या परिचारिकेने रुग्णांसाठी हस्तव्यवसायांचे पाठ आखले आणि १९१० मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. एलेनॉर क्लार्क स्लेगल या विदुषीने शिकागो येथे या विद्येची शाळा चालविली. जॉर्ज बार्टन हा मूळचा वास्तुशिल्पी. क्षयाने तो पोखरला गेला होता, पायाचा काही भाग कापावा लागला होता आणि पुढे डावे अंगही लुळे पडले होते. आपल्याच शरीरावर प्रयोग करीत तो सुतारकाम व बागकाम यांच्या साहाय्याने उभा राहिला आणि १९१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्याने इतर रुग्णांसाठी आपले घर खुले केले. त्याच घरात मार्च १९१७ मध्ये मोजक्या मंडळींनी एकत्र येऊन व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली.

त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांसाठी तातडीने मदतनीस स्त्रिया हव्या होत्या, म्हणून थोड्या आठवड्यांचे अभ्यासवर्ग निघाले. निकडीच्या वेळी ते योग्यच होते. पण युद्ध संपताच एक अडचण उघड झाली. चार आठवडे शिकलेली आणि वर्षभर शिकलेली अशा दोघीही एकाच नावाने काम करू लागल्या, तर रुग्णाने विश्वास कोणावर ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९२३ मध्ये शिक्षणाची किमान मर्यादा ठरली. अभ्यासक्रम निदान बारा महिन्यांचा असावा आणि त्यात रुग्णालयातील प्रत्यक्ष काम असावे, असा दंडक घालण्यात आला. पुढे १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सहकार्याने शाळांना मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. पदव्यांच्या या इतिहासात मानाची हौस कोठे कोठे असेलही, परंतु त्याचा आरंभ मात्र रुग्णाच्या रक्षणातून झाला, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने या विषयातील पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. हा अमेरिकेतील पहिलाच असे मानतात. त्याचे फळ काय मिळाले याचे उदाहरण जीन एअर्स या विदुषीच्या कार्यात दिसते. हातपाय धड आहेत, बुद्धी मंद नाही, तरीही मुलाला लिहिणे जमत नाही आणि खेळताना तोल सावरता येत नाही, असे का व्हावे, हा प्रश्न तिला पडला. स्पर्श, तोल आणि हालचाल यांच्या संवेदना मेंदूत एकत्र कशा गुंफल्या जातात, याचा तिने वर्षानुवर्षे शोध घेतला आणि १९७२ मध्ये आपले सिद्धांत ग्रंथरूपाने मांडले. ते सर्वांनाच मान्य झाले असे नाही. पण 'असे करा' या सूचनेपलीकडे जाऊन 'असे का घडते' असे विचारण्याची सवय या विद्येला लागली. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे प्रयोजन तेच होय.

आपल्या देशातील कथाही तितकीच मननीय आहे. १९०० मध्ये अमेरिकेतील एका क्वेकर घराण्यात जन्मलेली एलिझाबेथ लुंडी ही तरुणी विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आली आणि कमलाबाई निंबकर झाली. चाळिशी उलटल्यावर त्यांनी स्वदेशी परत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. आशिया खंडातील ही पहिली शाळा मानली जाते. पुढे नागपुरासही त्यांच्याच प्रयत्नाने हे शिक्षण सुरू झाले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ अस्तित्वात आला. त्याच्या दहा संस्थापक राष्ट्रांत भारताचे नाव आहे. ज्या देशात ही विद्या येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्याने हे स्थान मिळवावे, ही गोष्ट लहान नव्हे. मुंबईत पदविकेने सुरू झालेले हे शिक्षण कालांतराने पदवीपर्यंत आणि नंतर पदव्युत्तर पदवीपर्यंत पोहोचले. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायोपचारकांचाही अंतर्भाव आहे.

परंतु शिडीला किती पायऱ्या असाव्यात? अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायात प्रवेशासाठी पदव्युत्तर शिक्षण अनिवार्य झाले. २०१७ मध्ये, दहा वर्षांनंतर डॉक्टरेटच हवी, असा निर्णय जाहीर झाला. त्यावर मोठा वाद माजला. वाढलेला खर्च विद्यार्थ्याने कोठून भरावा, गरिबाघरच्या मुलांना दार बंद होणार नाही काय, आणि रुग्णाला त्यातून अधिक काय मिळणार, असे प्रश्न पुढे आले. अखेरीस तो निर्णय स्थगित झाला आणि २०१९ मध्ये दोन्ही मार्ग खुले ठेवण्याचे ठरले.

या वादात दोन्ही पक्षांकडे सत्याचा अंश होता. १९२३ साली शिक्षणाची मर्यादा वाढली ती अपुऱ्या ज्ञानापासून रुग्णाला वाचविण्यासाठी. २०१९ साली ती वाढविण्याचे टळले तेव्हा ज्ञानाची वाट सर्वांना परवडावी हाही विचार पुढे होता. आपल्याकडे तर तालुक्याच्या गावी व्यवसायोपचारक शोधूनही सापडणे कठीण. म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनी संशोधन करावे, पुढची पिढी शिकवावी. पण ज्या घरी कोणी गुंडी लावण्यासाठी खोळंबून बसले आहे, त्या घरापर्यंत पदवीधर पोहोचावेत, याचीही चिंता विद्यापीठांनी वाहिली पाहिजे. जॉर्ज बार्टनकडे या विषयाची कोणतीच पदवी नव्हती. लुळ्या हाताला काम हवे असते, एवढे मात्र तो जाणत होता. त्या जाणिवेला शास्त्राची जोड मिळावी यासाठी पदव्या निघाल्या. ती जाणीव ज्या पदवीत उरणार नाही, तिची भिंतीवरील चौकट कितीही मोठी असली तरी रुग्णाच्या उपयोगाची नाही.