अनियमित मासिक रक्तस्राव

पाळीचे चक्र प्रौढ स्त्रीत साधारण 24 ते 38 दिवसांचे असते. रक्तस्राव 8 दिवसांपर्यंत चालतो. त्यापलीकडचा किंवा दोन पाळ्यांमधला स्राव अनियमित मानतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली वर्षे आणि रजोनिवृत्तीआधीचा काळ यांत स्त्रीबीज दरमहा सुटतेच असे नाही, म्हणून चक्र बिघडते. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार), थायरॉइडचे विकार, गर्भाशयातील गाठी ही इतर कारणे. तासातासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा गरोदरपणात रक्त दिसले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. वर्षभर पाळी बंद राहिल्यानंतर दिसलेला पुसटसा डागही तपासून घ्यावा. ‘पाळी परत आली’ म्हणत तो अंगावर काढू नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा याच लक्षणाने वेळेत उघडकीस येतो.